मदत हवी आहे: कुरडया अर्ध्या ओल्या आणि आभाळ भरलंय

नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरात राहते. शिमगा झाला की आमच्याकडे वाळवणाला सुरुवात होते. सकाळी गच्चीवर पाय ठेवता येत नाही असं ऊन, आणि चार वाजले की अक्कलकोटच्या बाजूनं काळं आभाळ, वारं, धूळ. काल तर टपोरे थेंबही पडले. साड्यांसकट कुरडया उचलून आत आणल्या.

आता त्या हॉलमध्ये पंख्याखाली आहेत. वरून कडक लागतात, पण मोडून पाहिलं तर वेटोळ्याच्या आत अजून चिकट आणि किंचित आंबूस वास. गव्हाचा चीक तसाही तीन दिवस भिजवून काढलेला, त्यामुळे हा वास मूळचा की खराब व्हायला लागल्याचा, हे कसं ओळखायचं? बुरशी दिसत नाही. ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवल्या तर तळताना फुलतात का? की लाल पडतात?

दुसरं, अजून पातेलंभर चीक शिल्लक आहे. वरचं पाणी बदलून फ्रिजमध्ये ठेवला तर किती टिकेल?

आणि मंगळवेढ्याहून वर्षाची मालदांडी ज्वारी आली आहे. ऊन दाखवल्याशिवाय कोठीत भरायला सासूबाई तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. दमट ज्वारीला लगेच कीड लागते. दुपारपुरतं ऊन देऊन, पूर्ण गार करून भरली तर चालेल का?

अनुभव असलेल्यांनी कृपया आजच सांगा. कुरडया लेकीच्या सासरीही द्यायच्या आहेत.