मदत हवी आहे: म्युनिकच्या भाड्याच्या घरात पोकळ भिंतीवर डब्यांचं कपाट

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून म्युनिकला आलो. इथे बऱ्याच घरांत असतं तसं स्वयंपाकघर रिकामंच मिळालं: नळाची आणि शेगडीची जोडणी, बाकी भिंती. ओटा आणि खालची कपाटं जुनी विकत घेऊन बसवली. अडलंय ते वरच्या कपाटांपाशी.

भिंत प्लास्टरबोर्डची, टिचकी मारली की पोकळ वाजते. साध्या प्लास्टिकच्या गिट्ट्यांवर एक फळी लावून पाहिली, आठवड्यात सैल झाली. आतले पत्र्याचे उभे खांब साधारण ६२ सेंटिमीटरवर आहेत आणि कपाट ६० रुंद, म्हणजे एका कपाटामागे जेमतेम एकच खांब येतो. त्यात डाळी, तांदूळ आणि पिठांचे स्टीलचे डबे ठेवायचेत. भरलेले डबे मोजले, २८ किलो झाले. कपाटाचं वजन वेगळं.

डबे खाली ठेवता येत नाहीत, मुलगा दीड वर्षाचा आहे आणि दिसेल तो डबा उघडतो. तळघरातल्या खोलीत कणीक ठेवली होती, दहा दिवसांत ओलसर वास यायला लागला. घरमालकांची भोकं पाडायला हरकत नाही, फक्त घर सोडताना बुजवून द्यायची.

अशा भिंतीवर कुणी एवढं वजन टांगलं आहे का? आत जाऊन उघडणारे लोखंडी अँकर पुरतात, की दोन-तीन खांबांना धरून आडवी प्लायवूडची पट्टी मारावी आणि कपाटं तिच्यावर टांगावीत? पट्टी मारायची तर जाडी किती घ्यावी?