उकिडवं बसताना टाचा उचलतात? कुठे अडलं, कशाने सुटलं – अनुभव सांगा

गावठी_कोंबडा: कमोड आल्यापासून आमच्या घरात उकिडवी बसणारी फक्त आजी उरली आहे. जिममध्ये स्क्वॉट मारताना मांड्या समांतर यायच्या आधीच माझ्या टाचा सुटतात. ट्रेनर म्हणतो हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) ताण. ताणतोय, फरक शून्य. तुमचं काय?

टीपकागद: हॅमस्ट्रिंग सोडा हो! गुडघा वाकला की ते तसेही सैलावतात. आधी घोटा तपासा. अनवाणी उभं राहून अंगठा भिंतीपासून १० सेंमीवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. माझा डावा टेकायचा, उजवा नाही. तो पूर्वी मुरगळलेला. पाय सरळ ठेवून भिंत ढकलली की पोटरीचा वरचा स्नायू ताणला जातो. त्याच्या खालचा, सोलियस, ताणायला गुडघा वाकवावा लागतो, आणि स्क्वॉटमध्ये तर गुडघा वाकलेलाच. मी पायरीवर पाऊल ठेवून गुडघा पुढे दाबत अर्धा मिनिट थांबायचो, रोज. काही आठवड्यांत दोन्ही पाय सारखे झाले.

तालमीतला: आमच्याकडे बैठका चवड्यांवरच. मांड्या दगडासारख्या झाल्या, पण टाच टेकवून बसायला गेलो की मागे कलंडायचो. दाराची चौकट धरून मलासनात (टाचा टेकवून उकिडवं बसायचं योगासन) बसायला लागलो, मग जमलं.

पोहे_विथ_शेव: टाचांखाली दोन सेंमीची फळी ठेवून बघा. लगेच खाली गेलात तर अडचण घोट्याची. वेटलिफ्टरांच्या बुटांना उंच टाच असते ती यासाठीच.

सावलीतली: माझा घोटा ठीक होता, खाली गेलं की जांघेत पुढून चिमटा बसायचा. जितकं ताणावं तितकं दुखायचं. फिजिओताईंनी ताणणं बंद करवलं, पावलं थोडी रुंद आणि चवडे बाहेर वळवून बसवलं. खुब्याच्या हाडांची ठेवण प्रत्येकाची वेगळी, सगळ्यांनी पाय समांतर ठेवायचा हट्ट का? चिमटा बसत असेल तर दाखवून घ्या, रेटू नका.

पोहे_विथ_शेव: आणि हो, पाच लिटरचा तेलाचा कॅन छातीशी धरून बसा. पुढे वजन आलं की तोल मागे जात नाही.

गावठी_कोंबडा: आत्ताच भिंतीशी करून पाहिलं. १० कसले, ५ सेंमीवरच टाच सुटली! पाऊल आत कलंडवलं की मात्र गुडघा टेकतो. चालेल?

टीपकागद: नाही दादा. गुडघा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून परत मोजा.