स्वमग्न मुलांना गोळी सुरू करताना ती कधी थांबवायची हे का ठरत नाही?

रंकाळाकाठ (एक आई, कोल्हापूर) : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. दोन वर्षांपूर्वी गणेशोत्सवात आमच्या पेठेत रात्री उशिरापर्यंत डॉल्बी वाजत असताना तो स्वतःच्या मनगटाला कडकडून चावू लागला, त्याची झोप उडाली, आणि त्याच आठवड्यात त्याला रिस्पेरिडोन ही तीव्र चिडचिड शमवणारी गोळी सुरू झाली. चावणे थांबले, हे मी नाकारत नाही. परंतु विसर्जन झाले, डॉल्बी बंद झाला, दिवाळी गेली, तरी गोळी तशीच राहिली. पुढच्या गणपतीत पुन्हा त्रास झाला तेव्हा मात्रा वाढली आणि ती कमी करण्याचा विषयच कोणी काढला नाही. वजन वाढल्याने एका वर्षात त्याचा गणवेश दोनदा बदलावा लागला. त्रास आवाजाचा आहे का, हे आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हालाही सांगायचे सुचले नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली रिस्पेरिडोनला आणि २००९ साली अरिपिप्रॅझोल या तशाच दुसऱ्या औषधाला मान्यता दिली, ती स्वमग्न मुलांमधील तीव्र चिडचिडीसाठी, म्हणजे आक्रमकपणा, स्वतःला इजा करून घेणे, अनावर आकांत यांसाठी. बोलणे किंवा इतरांत मिसळणे या गोळ्यांनी येत नाही. म्हणून गोळी नेमकी कशासाठी, परिणाम कधी तपासणार आणि फरक नसेल तर कधी थांबवणार, हे पहिल्याच चिठ्ठीवर लिहिलेले असावे, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत तीन ते चार आठवड्यांनी परिणाम तपासावा आणि सहा आठवड्यांत ठोस फरक दिसला नाही तर औषध बंद करावे, असे सांगितले आहे.

गारगोटीकर (एका मुलीचे वडील) : ताई, तुमचे दुःख समजते, पण मत पटत नाही. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. ती भिंतीवर डोके आपटायची. कपाळाला दोनदा टाके पडले. ऑक्युपेशनल थेरपीसाठी (रोजची कामे करायला शिकवणाऱ्या उपचारासाठी) कोल्हापूरला यायचे तर अख्खा दिवस जातो, आणि एसटीच्या गर्दीतच तिचा आकांत सुरू होई. गोळी सुरू झाल्यावर ती आमच्या पंगतीला बसून जेवू लागली. २००२ साली १०१ मुलांवरील आठ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रिस्पेरिडोन घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुले सुधारली, तर औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी अवघी १२ टक्के. थांबवण्याची भाषा ऐकून एखादे घाबरलेले घर उद्या गोळी एकदम बंद करील, याची मला खरी भीती वाटते.

रंकाळाकाठ : दादा, गोळी परस्पर, एकदम बंद करू नये, हे मीही तितक्याच आग्रहाने सांगते, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी व्हावी. मात्र त्याच अभ्यासात आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी २.७ किलोंनी वाढले आणि नकली गोळी घेणाऱ्यांचे ०.८ किलोंनी. हा अवघ्या दोन महिन्यांचा हिशेब आहे. आपली मुले वर्षानुवर्षे गोळी घेतात.

विशेष शिक्षिका, राजारामपुरी : यात शाळांचाही दोष आहे, हे मला आधी मान्य केले पाहिजे. ‘गोळी देऊनच पाठवा’ असे आम्ही पालकांना सांगतो, आणि अनेकदा मूल केवळ हात फडफडवत असते, कोणालाही इजा करत नसते. अशाच पुनरावृत्तीच्या वर्तनासाठी १४९ मुलांना सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरील औषध देऊन केलेला अभ्यास २००९ साली आला. ते औषध नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. त्या फडफडण्यासाठी गोळी मागणे मला तरी आता चुकीचे वाटते. गारगोटीच्या मुलीची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तिथे गोळी हवीच, पण तिच्याबरोबर वजन, रक्तातील साखर आणि चरबी यांची नियमित तपासणीही हवी. आणि ताई, मात्रा कमी करण्याची तारीख गणेशोत्सवाच्या किंवा शाळा उघडण्याच्या तोंडावर येऊ देऊ नका. तेव्हा बिघडलेले वर्तन गोळी कमी केल्यामुळे की आवाजामुळे, हे कोणालाच ओळखता येणार नाही.

गारगोटीकर : बाई, तपासण्या मी करून घेईन, आजवर एकदाही झालेल्या नाहीत. ताई, चिठ्ठीवर तारीख लिहायलाही माझी हरकत नाही. मात्र त्याच चिठ्ठीवर थेरपीची तारीखही असावी आणि ती थेरपी गारगोटीत मिळावी. ती मिळेपर्यंत मी मुलीची गोळी कमी करायला तयार होणार नाही.