दीड पानाचं स्ट्रक्चरल ऑडिट आणि ‘इमारत पाडा’

गच्चीवरची_तुळस:
डोंबिवलीत आमची सोसायटी आहे. तळ अधिक ४ मजले, १६ फ्लॅट, ताबा १९८९चा. यंदा मी सेक्रेटरी झाले, म्हणजे दुसऱ्या कुणी हात वर केला नाही. गेल्या महिन्यात ऑडिटर आले, जिन्यात चार फोटो काढले, चहा घेतला, गेले. अहवाल दीड पानाचा: इमारत जीर्ण, सी-१ (म्हणजे धोकादायक, पाडायच्या वर्गातली), पाडावी. आकडा एकही नाही. त्याच आठवड्यात बिल्डरचा माणूस हजर! बाथरूमखालचं प्लास्टर पडतंय आणि पार्किंगमधल्या दोन कॉलमना उभे तडे आहेत, हे मात्र खरं. मुलगा म्हणतो, टिकणारी इमारत पाडणं म्हणजे पर्यावरणाची नासाडी. समोरचे काका म्हणतात, स्लॅब डोक्यात पडल्यावर पर्यावरण आठवेल का? मला दोघांचंही पटतं. काय करू?

हातोडीवाला:
ताई, आधी त्या दोन कॉलमांशेजारी टेकू लावून घ्या. बाकीचं नंतर वाचा.

मी ३० वर्षं हेच काम केलं. उभा तडा म्हणजे बहुधा आतली सळई गंजतेय. गंजाला लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. सळई किती उरली हे फोटोत दिसत नाही. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून सळईची जाडी मोजावी लागते. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडतात. त्यांचा वेग सेकंदाला ३.५ किमीच्या वर असेल तर काँक्रीट बरं, ३च्या खाली असेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून बघायचं. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिन फवारायचं, ते अल्कली असेल तिथे गुलाबी होणारं रसायन आहे. गुलाबी झालं तर तिथलं काँक्रीट अजून सळईला राखतंय. रंग सळईपर्यंत आलाच नाही, तर ते कवच गेलं. हे सगळं झाल्यावर सी-१ की सी-२बी ते ठरतं. सी-२बी म्हणजे घरात राहून दुरुस्ती. दोन कॉलम खराब म्हणून सगळी इमारत खराब होत नाही.

मुलाचा हिशेब चुकीचा नाही. तुमच्या इमारतीत माझ्या अंदाजाने ३०० घनमीटर काँक्रीट, म्हणजे १०० टनांच्या आसपास सिमेंट असेल. सिमेंटच्या टनामागे ढोबळ ६०० किलो कार्बन डायऑक्साइड धरा. सिमेंटच्या भट्टीचं इंधन बदललं तरी त्यातला बराचसा टळत नाही, कारण तो चुनखडीतूनच निघतो. तेवढंच बांधकाम पुन्हा करायचं तर ६० टन कार्बन डायऑक्साइड, आणि बिल्डर तेवढंच थोडंच बांधणार आहे! पण सळईच गेली असेल, तर हा हिशेब फाडून टाका आणि घरं रिकामी करा.

पागोळी:
आम्ही ठाण्यात पाडण्याऐवजी कॉलमना जॅकेटिंग केलं, म्हणजे भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर चढवला. काम झकास, पण वरच्या बाथरूमची गळती तशीच ठेवली, कारण त्या काकूंना नवीन टाइल्स फोडायच्या नव्हत्या. तीन वर्षांत प्लास्टर पुन्हा खाली. आधी गळती बंद करा.

रुळांपलीकडे:
उलटंही होतं हं. सीएसएमटीचा हिमालय पादचारी पूल ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता. १४ मार्च २०१९ला पडला, माणसं गेली. ‘पाडू नका’ म्हणणाऱ्याकडेही आकडे मागा.

गच्चीवरची_तुळस:
टेकू आज लागले. दोन ठिकाणांहून चाचण्यांसकट कोटेशन मागवलंय, रविवारी सभा. मुलगा कॉलेजच्या लॅबमधून फिनॉल्फ्थॅलिन आणतो म्हणतोय, आणू देऊ का?

हातोडीवाला:
आणू द्या. कॉलम मात्र त्याला फोडू देऊ नका.