'सुंग'ला मराठी शब्द : निरोप, पोचवणे की बोळवण?

मूळ प्रश्न

चीनमधल्या शिआन शहरात राहायला येऊन मला तीन वर्षं होत आली. एका चिनी शब्दाला मराठी शब्द शोधते आहे.

शब्द आहे 'सुंग'. मुलांना शाळेत सोडणं म्हणजे सुंग, जेवण घरपोच आणून देणं म्हणजे सुंग, भेटवस्तू देणं म्हणजेही सुंग. पण मी अडले आहे ती पाहुण्यापाशी. आमच्या जुन्या वसाहतीत लिफ्ट नाही आणि घरमालक आजी-आजोबा पाचव्या मजल्यावर राहतात. (इथेही वडीलधारं माणूस नात्यातलं नसलं तरी 'नायनाय', 'येये', म्हणजे आजी, आजोबा अशीच हाक मारतात.) त्यांच्याकडून जेवून निघाले की आजोबा चपला बदलतात, पाच मजले उतरून वसाहतीच्या फाटकापर्यंत येतात आणि 'मान जोउ' म्हणतात. यातला 'ज' 'जोरात' या शब्दातला. शब्दशः 'हळू चाल', पण भाव आपल्या 'सावकाश जा, जपून जा'चा. जेवताना आजी 'मानमान छ्र' म्हणतात तेव्हा तर मला थेट पंगतीतलं 'सावकाश होऊ द्या' ऐकू येतं.

पहिलं वर्षभर मला वाटायचं, आजोबांचं खाली काही काम असेल. मग एका मैत्रिणीने सांगितलं की अशा वेळी पाहुण्याने दारातच 'ल्यूबू' म्हणायचं असतं, म्हणजे 'पावलं इथेच थांबवा'. मी ते एकदाही म्हटलं नव्हतं, आणि आजोबांचे गुडघे दुखतात. अजून ते आठवलं की जीव चुटपुटतो.

'आजोबांनी मला फाटकापर्यंत सुंग केलं' हे वाक्य मराठीत कसं लिहू? 'निरोप दिला' तोकडं वाटतं. निरोप उंबऱ्यातूनही देता येतो.

प्रतिसाद

'पोचवणे' आहे की! मुलाला शाळेत पोचवलं, डबा पोचवला, पाहुण्यांना स्टँडवर पोचवलं. तुमचे बरेचसे अर्थ त्यात बसतात.

मूळ प्रश्नकर्ती

भेट देण्याचा अर्थ मात्र सुटतो, आणि या शब्दात तो फार आत रुजलेला आहे. 'सुंग जुंग' म्हणजे भिंतीवरचं किंवा टेबलावरचं घड्याळ भेट देणं. हुबेहूब त्याच उच्चाराच्या दुसऱ्या 'सुंग जुंग'चा अर्थ वडीलधाऱ्यांच्या अखेरच्या क्षणी जवळ असणं, त्यांचं शेवटचं सगळं करणं. म्हणून इथे कुणाला असं घड्याळ भेट देत नाहीत. पाहुण्यासोबत चार पावलं जाणं, हातात काही ठेवणं आणि मरणाच्या वाटेला लागलेल्या माणसाची सोबत करणं, हे सगळं एकाच क्रियापदात आहे. 'पोचवणे' मला तिथवर नेत नाही.

प्रतिसाद

मग 'बोळवण' घ्या. जाणाऱ्याबरोबर काही अंतर चालत जाणं हा तिचा जुना अर्थ. लेक सासरी निघाली की साडीचोळी देऊन तिची बोळवण करतात, म्हणजे देणंही आलं. आणि शेवटची बोळवणही आहेच. तुम्ही सांगितलेले तिन्ही अर्थ एका शब्दात.

प्रतिसाद

शब्द सुंदर आहे, पण आज वाचणाऱ्याला काय कळेल? 'शेतकऱ्यांची आश्वासनांवर बोळवण', 'पाहुण्यांची चहावर बोळवण'. बोळवण म्हणजे थोडक्यात कटवणं, असंच लोक समजतात. तुमच्या आजोबांवर अन्याय होईल.

मूळ प्रश्नकर्ती

हीच भीती मला आहे. चिनीत कटवण्यासाठी वेगळा शब्द आहे, 'दाफा'. त्यामुळे 'सुंग'चा मान शाबूत राहिला. आपण एकाच शब्दावर दोन्ही ओझी टाकली.

प्रतिसाद

आमच्या घरी बोळवण हा शब्द अजून तसाच आहे. गौरी जेवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांची बोळवण होते. त्यासाठी मुरडीचे कानवले करतात. कडेला मुरड घालायची, म्हणजे गौराईने पुन्हा इकडे मुरडावं. लेक निघतानाही आई हेच करायची. आमच्याकडे कुणालाही या शब्दात कमीपणा वाटत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

तुमचं वाचून मी थबकलेच! उत्तर चीनमध्ये म्हण आहे, 'गाडीत चढताना ज्याओझ, गाडीतून उतरताना म्येन'. म्येन म्हणजे शेवया. ज्याओझ म्हणजे सारण भरून कडा दाबून बंद केलेले, उकडलेले किंवा वाफवलेले अर्धचंद्र. दिसायला थेट आपला कानवला! मी सुट्टीला निघाले की आदल्या रात्री आजी ते करतात, आणि त्यांची बोटं कडेला चुण्या घालताना बघून मला माझी आजीच दिसते. आकार सोन्याच्या जुन्या लगडीसारखा, म्हणून त्यांना लक्ष्मीचा शकुन मानतात. मुरडीत परत येण्याची विनवणी आहे तशी त्यांच्यात नाही.

ती विनवणी इथे विलोच्या झाडाच्या फांदीत होती. शिआनच्या पूर्वेला बा नदी आहे. थांग राजघराण्याच्या काळात राजधानी छांगआन, म्हणजे आजचं शिआन, सोडून निघालेल्या माणसाला लोक तिथल्या बा पुलापर्यंत सोबत करायचे आणि विलोची फांदी मोडून हातात द्यायचे. विलो म्हणजे 'ल्यू', आणि 'थांब, राहा' म्हणजेही 'ल्यू'. उच्चारातला चढउतार वेगळा, पण कानाला जवळचा. मागे राहणारा निघालेल्याला फांदीतून 'थांब' म्हणायचा. आज निघालेला पाहुणा यजमानाला 'ल्यूबू' म्हणतो, त्यातला 'ल्यू' हाच थांबण्याचा.

प्रतिसाद

वर बोळवणीच्या अर्थाबद्दल शंका आली आहे, पण दोष शब्दाचा नाही, प्रत्ययाचा आहे. उदाहरणं पुन्हा बघा : आश्वासनांवर बोळवण, चहावर बोळवण. '-वर' लागलं की कटवणं. 'साडीचोळी देऊन बोळवण', 'वेशीपर्यंत बोळवण' यात कुठे अपमान आहे? तुमच्या वाक्यात तर 'फाटकापर्यंत' आधीच आहे.

मूळ प्रश्नकर्ती

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार. वाक्य असं लिहिते आहे : 'पाच मजले उतरून आजोबांनी फाटकापर्यंत माझी बोळवण केली.'

पुढच्या ओळीत मी त्यांना 'ल्यूबू' म्हणते. तिथे 'आता इथेच थांबा, आजोबा' एवढंच ठेवलं आहे.