मदत हवी आहे: एमएस प्रोजेक्टमध्ये लेव्हलिंग केलं आणि तारीख १६ दिवस पळाली

ऐरोली_साइट: पटकन सांगा कोणीतरी, सहाला साहेबांना शेड्यूल द्यायचंय. ऐरोलीत ऑफिसचं इंटिरियर, ३ मजले. वायरिंगच्या तिन्ही टास्कसमोर लाल माणूस (एकाच माणसावर झेपेल त्याहून जास्त काम पडल्याची खूण) येत होता म्हणून कामांची गर्दी आपोआप सोडवणारं 'लेव्हल ऑल' दाबलं. माणूस गेला, पण वायरिंग संपायची तारीख १६ दिवस पुढे! तारीख न हलवता लाल माणूस कसा घालवायचा?

वागळेकर: व्हर्जन कुठलं? टास्कच्या तारखा ऑटो की मॅन्युअल? वायरिंगवर कोण लावलंय?

ऐरोली_साइट: २०१९. ऑटो. वायरिंगवर इलेक्ट्रिशियनच असणार ना, सुतार लावू का?

एक्सेलप्रेमी: २२ वर्षं साइटवर काढली, असलं सॉफ्टवेअर कधी लागलं नाही. एक्सेलमध्ये चौकोन रंगवा, प्रिंट काढा, साइट ऑफिसच्या भिंतीला चिकटवा.

वागळेकर: रंगवलेला माणूस एका वेळी तीन मजल्यांवर दाखवला तरी एक्सेल हूं का चूं करत नाही.

एक्सेलप्रेमी: ते बोलायला सुपरवायझर असतो की.

पीएमपी_तयारी: यात लेव्हलिंग आणि स्मूदिंगचा घोळ आहे. लेव्हलिंगने शेवटची तारीख सरकू शकते, स्मूदिंगमध्ये काम फक्त स्लॅकच्या, म्हणजे शेवटची तारीख न हलवता मिळणाऱ्या सवडीच्या, आत सरकतं. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या परीक्षेत हमखास येतं. तुम्ही यंदा बसताय का? माझ्याकडे नोट्स आहेत.

ऐरोली_साइट: मी कशालाही बसत नाहीये. साडेचार वाजलेत.

खारघरची: इलेक्ट्रिशियन किती आहेत तुमच्याकडे?

ऐरोली_साइट: ३. तीन मजले, तीन माणसं. उघड आहे.

खारघरची: तुम्हाला उघड आहे हो, प्रोग्रामला कसं कळणार? रिसोर्स शीटवर, म्हणजे माणसांच्या यादीत, 'इलेक्ट्रिशियन'पुढे मॅक्स युनिट्स १००% असणार, म्हणजे त्याच्या लेखी माणूस एकच. मग त्याने मजले एकामागून एक लावले, ६ दिवसांचे १८ झाले. आधी 'क्लिअर लेव्हलिंग' करा, मग मॅक्स युनिट्स ३००%.

ऐरोली_साइट: केलं!! लाल माणूस गायब. सोमवारी सुरू, पुढच्या सोमवारी संपतंय. थँक्यू ताई.

वागळेकर: ६ दिवसांचं काम सोमवार ते सोमवार? म्हणजे कॅलेंडरमध्ये शनिवारी सुट्टी आहे. तुमच्या साइटवर असते का?

ऐरोली_साइट: शनिवारी कसली सुट्टी! थांबा, बदलतो. हां, आता शनिवारीच संपतंय. तसा त्यातला एक जण मंगळवारी आणि शुक्रवारी खारघरच्या साइटवर असतो, पण ती फाइल वेगळी आहे.

वागळेकर: हे आत्ता सांगताय?

खारघरची: मग ३००% विसरा. तिघं वेगवेगळे टाका, नावानिशी, आणि प्रत्येकाला एकेक मजला द्या. खारघरवाल्याच्या कॅलेंडरमध्ये मंगळ-शुक्र सुट्टी मारा. दोन्ही फाइल्सना एकच रिसोर्स पूल (माणसांची सामायिक यादी) जोडणं जास्त बरं, पण ते सहाच्या आत नको.

लोकलवाला: त्याला अर्धा-अर्धा दिवस का नाही करत? ठाण्याहून येणारी पनवेल लोकल ऐरोलीला पकडली की थेट खारघर.

वागळेकर: केबलचं बंडल आणि ड्रिल मशीन घेऊन? चढून दाखवा एकदा.

लोकलवाला: अवांतर: तीन गाड्या सोडल्या की चौथीत जागा मिळते.

ऐरोली_साइट: तिघांची नावं टाकली. आता तिसरा मजला शनिवारऐवजी पुढच्या बुधवारी संपतोय. परत लेव्हल करू?

खारघरची: नको. लेव्हलिंग कामं पुढे ढकलतं किंवा तोडतं, एकाचं काम दुसऱ्याला देत नाही. ते हाताने करायचं. तुमचे दोघं शनिवारी मोकळे होतात ना? तिसऱ्या मजल्यावर तेव्हा २ दिवसांचं काम उरलेलं असेल. त्याची वेगळी टास्क करा आणि सोमवारी दोघांना निम्मं-निम्मं द्या.

एक्सेलप्रेमी: हेच मी रंगीत पेनाने दाखवलं असतं.

ऐरोली_साइट: आता सोमवारी संपतंय. पावणेसहाला मेल केला. साहेबांचा फोन आला, म्हणतात खारघरचा माणूस दोन दिवस इकडे वळव आणि शनिवारच दाखव.

खारघरची: आणि खारघरच्या साइटवर कोण जाणार? तिथल्या सोसायटीत मी राहते हो, लिफ्टचं पॅनल अजून उघडंच आहे.