‘घनवादी’ इमारत की ‘पैलूदार’ इमारत?

प्रश्न

प्राग शहरातील १९११ ते १९१४ या काळातील काही इमारतींविषयीचा लेख मराठीत आणताना मी ‘घनवादी वास्तुकला’ असा शब्दप्रयोग केला आहे. चित्रकलेच्या संदर्भात ‘क्युबिझम’साठी ‘घनवाद’ रूढ असल्याने मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. मात्र लेखाचा कच्चा खर्डा वाचून एका स्नेह्यांनी विचारले की, घर तर मुळातच घन असते, मग घनवादी नसलेले घर कोणते? मला उत्तर सुचले नाही. हा शब्द ठेवावा की बदलावा, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

पहिला प्रतिसाद

आपल्या स्नेह्यांची शंका रास्त आहे आणि तिचे मूळ ‘घन’ या शब्दाच्या अर्थांत आहे. मराठीत घन म्हणजे ढग, घन म्हणजे दाट, घन म्हणजे द्रव किंवा वायू नसलेला पदार्थ आणि घन म्हणजे सहा चौरस पृष्ठांची आकृती. (लोहाराचा घण उच्चाराने वेगळा झाला असला तरी त्याच कुळातला.) १९०८ साली फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकने दक्षिण फ्रान्समधील लेस्ताक या गावी रंगवलेली घरांची चित्रे पॅरिसमध्ये मांडली गेली, तेव्हा हा चित्रकार सगळ्याचे घन करून टाकतो, असा शेरा लुई व्होसेल या समीक्षकाने मारला आणि त्यातूनच पुढे चळवळीचे नाव पडले. तेव्हा हे नाव टीकाकाराने चिकटवलेले आहे आणि ते फारसे चपखलही नाही. एखादी वस्तू सपाट कापडावर एकाच वेळी अनेक बाजूंनी दिसावी म्हणून तिचे तुकडे तिरक्या पृष्ठांत मांडायचे, हे त्या चित्रांतले खरे काम होते. इमारतीला ही युक्ती जशीच्या तशी उपयोगाची नाही, कारण तिच्याभोवती माणूस स्वतःच्या पायांनी फिरून सगळ्या बाजू पाहू शकतो.

प्रागच्या वास्तुकारांनी चित्रांतून उचलला तो तिरका पृष्ठभाग. त्यांपैकी पावेल यानाक यांच्या १९११ सालच्या निबंधाचे शीर्षक इंग्रजीवरून घेतले तर ‘प्रिझम आणि पिरॅमिड’ असे होते, परंतु आपल्या शालेय भूमितीत या आकृतींना ‘चिती’ आणि ‘सूची’ अशी सुबक नावे आहेत. त्यातली ‘इष्टिकाचिती’ तर थेट बांधकामावरून आलेली दिसते, कारण इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचलेली रास. (चेक भाषेत चितीला ‘ह्रनोल’ म्हणतात आणि त्यात ‘ह्रना’ म्हणजे कड आहे; त्यांची नजर कडेवर गेली, आपली रचण्यावर.) यानाक यांचे म्हणणे असे की, जड पदार्थ आपल्या वजनामुळे आडवा पसरतो किंवा उभा रचला जातो आणि त्यातून चिती मिळते, तिरकी रेघ उमटायची तर त्या वजनावर आणखी एखादे बळ चालून यावे लागते. सरळ पडणारा पाऊस वाऱ्यामुळे तिरका होतो, हे त्यांचेच उदाहरण. वास्तुकाराची कल्पनाशक्ती हे असेच एक बळ असून तिने जड पदार्थाला सूचीच्या दिशेने वाकवावे, असा त्यांचा आग्रह होता.

योसेफ खोखोल यांनी विषेह्राद टेकडीच्या पायथ्याशी, नेक्लानोवा रस्त्याच्या कोपऱ्यावर १९१३-१४ मध्ये बांधलेली भाड्याच्या घरांची इमारत पाहिली की हे लगेच ध्यानात येते. छताखालची पुढे आलेली पट्टी उलट्या सूचींच्या ओळीसारखी कातरलेली आहे, भिंतीवर वेलबुट्टी नाही, आणि ऊन सरकते तशी त्याच एकरंगी गिलाव्यावर उजेड-सावलीची त्रिकोणी ठिगळे जागा बदलत राहतात. जुन्या घरांवर शिल्पे आणि नक्षी जे काम करीत, ते येथे सावली करते. याला मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘पैलू’. हिऱ्याला पैलू पाडतात तेव्हा हिरा तोच राहतो, फक्त उजेड परतवणारी पृष्ठे वाढतात. ‘अष्टपैलू खेळाडू’मुळे आपण या शब्दाचा मूळ अर्थ जवळजवळ विसरलो आहोत, हे मात्र खरे.

म्हणून माझे मत असे की, चळवळीचे नाव म्हणून ‘घनवाद’ ठेवावे आणि इमारतीचे वर्णन करताना ‘पैलूदार दर्शनी भाग’, ‘पैलू पाडलेली भिंत’ असे लिहावे. शिवाय ‘पैलू’ हे पृष्ठभागावरचे काम असल्याने एक मर्यादाही आपोआप सांगितली जाते, कारण या इमारतींच्या आत खोल्यांची मांडणी बहुतांशी नेहमीचीच राहिली. चेलेत्ना रस्त्यावरील ‘काळ्या मॅडोनाचे घर’ (योसेफ गोचार, १९११-१२) येथे आतला काँक्रीटचा सांगाडा खरोखर नवा होता, परंतु तो चित्रकलेतून आलेला नव्हता.

दुसरा प्रतिसाद

असे असेल तर चळवळीलाच ‘पैलूवाद’ का म्हणू नये? आणि पांढऱ्या, सपाट, चौकोनी बंगल्यांनाही सर्रास घनवादी म्हटले जाते, त्याचे काय करावे?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

ते बंगले ठोकळेवजा आहेत आणि त्यांना तसेच म्हणावे. ‘ठोकळा’ हा शब्द तुच्छतादर्शक मानण्याचे कारण नाही. त्यांची वाट वेगळी आहे. चंडीगडमुळे आपल्याला परिचित असलेले वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी चित्रकार ओझांफां यांच्यासह १९१८ साली ‘घनवादानंतर’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक काढले आणि ‘प्युरिझम’ची, म्हणजे शुद्धतावादाची, मांडणी केली. तुकडे झालेली वस्तू त्यांना पुन्हा अखंड आणि स्वच्छ आकारात हवी होती, म्हणजे पैलू पाडण्याच्या नेमके उलट.

‘पैलूवाद’ मात्र मी सुचवणार नाही, कारण पैलू नसलेल्या इमारतीही याच नावाखाली येतात. महायुद्धानंतर याच गोचार यांनी प्रागमध्ये लेजिओबँकेची इमारत (१९२१-२३) बांधली, तिच्या दर्शनी भागावर तिरक्या पृष्ठांऐवजी जाडजूड अर्धगोल आणि वर्तुळे आहेत. त्या शैलीला ‘रोंदोकुबिझम’ असे नाव पडले असून त्यात ‘गोल’ आणि ‘घन’ हे दोन्ही शब्द एकत्र नांदतात. आपल्या लेखात ती इमारत येणार असेल तर ‘गोलघनवाद’ असा जोडशब्द न घडवता मूळ नाव देवनागरीत ठेवावे आणि पुढच्या वाक्यात अर्धगोलांचे वर्णन करावे.